बारीक अंग, लहान माप: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यातल्या फोंड्यात आहारसल्ल्याचं काम करताना आणि मावशीच्या शिवणयंत्राशेजारी बसलेली असताना जे प्रश्न पुन्हापुन्हा माझ्याकडे येतात, ते इथे एकत्र केले आहेत. वजन उतरवायचं कसं हे सांगायला वाड्यावर दहा जण भेटतात. ज्याचं वजन मुळातच कमी आहे त्याला मात्र ‘नशीबवान आहेस’ म्हणून वाटेला लावतात. शिवणाची उत्तरं मावशीची, बाकीची माझी. सगळं सलग वाचायची गरज नाही, आपला प्रश्न शोधा.

१. मी ‘फारच बारीक’ आहे की नुसतीच बारीक, हे ठरवायचं कसं?

सुरुवात बीएमआयने करा. किलोमधल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागायचं. उंची १५५ सेंटिमीटर आणि वजन ४२ किलो असेल, तर ४२ भागिले (१.५५ × १.५५), म्हणजे साधारण १७.५. प्रौढांसाठी जागतिक आरोग्य संघटनेची रेघ १८.५ वर आहे. त्याखाली वजन कमी धरतात, १७ च्या खाली मध्यम आणि १६ च्या खाली तीव्र कृशता. या रेघेखाली आपण एकट्याच आहोत असं वाटून घेऊ नका. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या १८.७ टक्के स्त्रिया आणि १६.२ टक्के पुरुष तिच्याखाली होते.

पण हा आकडा एकटा फार काही सांगत नाही. मी आधी विचारते, किती बारीक ते राहू दे, कधीपासून बारीक? दहा वर्षं ४३ किलोवरच असलेली बाई आणि चवथीला (गणेशचतुर्थीला) ५० किलो असून शिगम्यापर्यंत (होळीपर्यंत) ४३ वर आलेली बाई, उंची सारखी असेल तर दोघींचा बीएमआय एकच. पहिलीशी मी निवांत बोलते. दुसरीला त्याच आठवड्यात डॉक्टरकडे पाठवते. घरी वजन करायचं तर एकाच काट्यावर, सकाळी, महिन्यातून एक-दोनदा. रोज काट्यावर चढू नका, त्यातून कळत काही नाही आणि दिवस मात्र खराब होतो.

अठरा वर्षांखालच्यांना हे आकडे लावू नयेत, त्यासाठी प्रश्न १५ पाहा.

२. मी लहानपणापासून अशीच आहे. आईही अशीच होती. मग आजार नाही ना?

बहुधा नाही. काही माणसं अंगकाठीनेच बारीक असतात. केंब्रिज विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ मध्ये निरोगी पण कृश अशा सोळाशेहून अधिक लोकांची जनुकं तपासली, तेव्हा लठ्ठपणाकडे झुकवणारे जनुकीय भेद त्यांच्यात कमी आढळले. म्हणजे ‘खातच नसेल’ हा लोकांचा निष्कर्ष नेहमी खरा नसतो.

अंगकाठीने बारीक असणाऱ्याचं वजन वर्षानुवर्षं त्याच आसपास राहतं, पाळी नियमित येते, भूक लागते, जिना चढताना धाप लागत नाही, आजारी पडलं तरी माणूस चटकन सावरतो. हे सगळं असेल तर एकदा साध्या रक्ततपासण्या (प्रश्न ४) करून घ्या आणि विषय मिटवा. यातलं काही नसेल, तर ‘घराण्यातच आहे’ या वाक्यामागे लपू नका. घराण्यात पंडुरोगही असतो.

३. काही न करता वजन उतरतंय. डॉक्टरकडे कधी जावं?

प्रयत्न न करता सहा महिने ते वर्षभरात वजनाचा वीसावा भाग गेला, तर जावंच. ५० किलोच्या माणसासाठी हा अडीच किलोचा फरक आहे. काटा नसेल तर परकराची नाडी, पट्ट्याचं भोक, बोटातली अंगठी यांवरून कळतं. अचानक सगळंच सैल व्हायला लागलं की समजायचं.

सोबत काय होतंय तेही सांगा, त्यावरून दिशा मिळते. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा बारीक ताप, रात्री घामाने अंथरूण ओलं होणं, यात क्षयाची तपासणी व्हायला हवी. सरकारी केंद्रात ती आणि पुढचे उपचारही मोफत आहेत, शिवाय नोव्हेंबर २०२४ पासून निक्षय पोषण योजनेत रुग्णाला उपचार चालू असेपर्यंत महिन्याला १००० रुपये मिळतात. सतत तहान, पुन्हापुन्हा लघवी आणि भूक असूनही झडणारं वजन म्हणजे मधुमेह. लहान मुलात किंवा तरुणात हे दिसलं तर उद्यावर टाकू नका. छाती धडधडणं, हात थरथरणं, गारव्यातही उकडणं हे थायरॉइडचं. पोळी-पाव खाल्ल्यावर पोट फुगणं आणि जुलाब यात गव्हातल्या ग्लुटेनमुळे होणारा सीलिअॅक आजार असू शकतो. आणि जेवणावरची वासनाच उडाली, झोप गेली, कशात मन लागत नाही, हीसुद्धा आजाराचीच लक्षणं आहेत. नैराश्यात वजन उतरतं.

आधी जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. तिथून गरजेप्रमाणे म्हापसा, फोंडा किंवा मडगावच्या सरकारी इस्पितळात आणि पुढे बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात पाठवतात. एकदम बांबोळीला जाऊन अख्खा दिवस रांगेत घालवण्यापेक्षा हे बरं.

४. कोणत्या तपासण्या कराव्या लागतात?

डॉक्टर ठरवतील ते खरं, पण साधारणपणे रक्तातल्या पेशींची मोजणी आणि हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइड, यकृत-मूत्रपिंड, शौच तपासणी आणि लक्षणं असतील तर छातीचा एक्स-रे. ‘फुल बॉडी’ची महागडी पॅकेजं सुरुवातीलाच घेऊ नका.

एक गोष्ट मात्र नेहमी चुकते. गव्हाचा संशय आला की लोक पाव-पोळी आधी बंद करतात आणि मग सीलिअॅकची रक्ततपासणी करतात. गहू बंद असेल तर आजार असूनही ती तपासणी निर्दोष येऊ शकते. आधी तपासणी, मग पोदेराला (पाववाल्याला) नाही म्हणा.

५. मी भरपूर खाते, तरी अंगाला लागत नाही. असं का?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न आहे. उत्तर बऱ्याचदा ‘भरपूर’ या शब्दात असतं. तीन दिवस जे तोंडात जातं ते सगळं लिहून काढायला सांगितलं की चित्र असं दिसतं: सकाळी कोरा चहा आणि अर्धी पोई (कोंड्याचा पाव), दहाला पेज आणि लोणचं, दुपारी ताट भरून शीत-कडी (भात-आमटी), चारला पुन्हा चहा, रात्री भूक नाही म्हणून दोन घास. दुपारचं ते मोठं ताट लक्षात राहतं, बाकीचा उपास विसरला जातो.

पेजेबद्दल माझ्यावर रागावू नका. उकड्या तांदळाची पेज पोटाला शांत करते, पावसाळ्यात तर तिच्यासारखं दुसरं काही नाही. पण वाडगाभर पेजेत तांदूळ थोडा आणि पाणी फार. पोट भरल्यासारखं वाटतं आणि ऊर्जा कमी मिळते. ज्याला वजन वाढवायचं आहे त्याने पेज सोडू नये, तिच्यात भर घालावी: वरून चमचाभर तूप, बाजूला आळसांद्यांची (चवळीसारख्या कडधान्याची) उसळ किंवा भाजलेला सुका बांगडा, ओलं खोबरं.

वजन हळूहळू वाढवायला रोज साधारण ३०० ते ५०० कॅलरी जास्त लागतात. ऐकायला मोठं वाटतं, पण मूठभर म्हणजे ३० ग्रॅम शेंगदाण्यात १७० च्या आसपास असतात, मध्यम केळ्यात शंभर, पेलाभर सायीच्या दुधात १३० च्या आसपास. झाले ४००. शेंगदाण्याऐवजी काजू चालतात, गोव्यात त्याला तोटा नाही. केळं मोयऱ्याचं, मोठं असेल तर एकच पुरे. संध्याकाळच्या दुसऱ्या चहाच्या जागी नारळाच्या रसातलं, गूळ घातलेलं नाचणीचं तिजान (पातळ खीर) घ्या. १०० ग्रॅम नाचणीत ३०० मिलिग्रॅमहून जास्त कॅल्शिअम असतं आणि नारळाचा रस ऊर्जा पुरवतो. मासळी खाणाऱ्यांनी तारले-बांगडे सोडू नयेत. स्वस्त असतात, प्रथिनं भरपूर आणि चांगली चरबीही. शाकाहारी घरांत मूग, चणे, काळे वाटाणे, दही, पनीर आहेतच, आणि मणगणं (चणाडाळ-गुळाची खीर) फक्त सणाला करावं असा नियम कुठे लिहिलेला नाही.

थोडं वेळापत्रकही पाहा. जेवणाआधी पाणी किंवा सोलकढी ढोसली तर भूक तिथेच मरते. ती जेवणाच्या शेवटी घ्या. जेवणालगतचा चहा अन्नातलं लोह अंगी लागू देत नाही, तासभर थांबा. एका बैठकीत जास्त जात नसेल तर पाच-सहा वेळा थोडं थोडं खा. आठवड्याला पाव ते अर्धा किलो वाढलं तरी ती चांगली चाल आहे. दोन महिने मनापासून असं करूनही काटा हलला नाही, तर ‘खाऊनही लागत नाही’ हे खरं मानून प्रश्न ३ कडे जा.

६. वजन वाढवायची पावडर किंवा गोळी घेऊ का?

पावडरच्या डब्यावर मागच्या बाजूला घटक वाचा. बहुतेक ‘मास गेनर’मध्ये मुख्य माल माल्टोडेक्स्ट्रिन (पिष्टापासून केलेली भुकटी) किंवा साखर असते आणि थोडी प्रथिनं. विष नव्हे, पण त्या किमतीत घरात महिनाभराचे शेंगदाणे, दूध आणि अंडी येतात. घ्यायचीच असेल तर एफएसएसएआयचा (सरकारी अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) परवाना क्रमांक पाहून आणि पक्कं बिल घेऊन.

गोळीबद्दल मात्र मी कडक आहे. नाव-गाव नसलेल्या पुड्या, ‘आठ दिवसांत गाल भरतील’ म्हणून मिळणाऱ्या गोळ्या यांत सर्रास स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं, डेक्सामेथासोनसारखं. गाल भरतात हे खरं, पण ते पाणी आणि चरबी असते. मागोमाग साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, जंतुसंसर्ग पटकन होतो. सायप्रोहेप्टाडीन हे अॅलर्जीचं औषध भुकेसाठी दिलं जातं, त्याने झोप येते, आणि तेही डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नये. गाल भरणारी अशी गोळी बरेच दिवस घेत असाल तर एकदम बंदही करू नका. दीर्घकाळ स्टेरॉइड घेतल्यावर शरीर स्वतःचं बनवणं कमी करतं आणि अचानक थांबवलं तर माणूस कोसळू शकतो. गोळ्या घेऊन डॉक्टरकडे जा आणि लाज न बाळगता समोर ठेवा.

७. मी बारीकच आहे, मग भजी, फरसाण, मिठाई बिनधास्त खाल्ली तर चालेल ना?

याचं उत्तर एका छायाचित्रात आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचं शेजारी शेजारी उभं असलेलं छायाचित्र २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात आलं. दोघांचाही बीएमआय २२.३. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. दिसायला सडपातळ आणि आतून चरबीचे, असे आपल्याकडे पुष्कळ असतात. हातपाय काटकुळे आणि पोट तेवढं पुढे आलेलं, असं असेल तर बारीक असूनही साखर आणि रक्तदाब तपासा.

म्हणून वजन वाढवायचं ते स्नायूंचं. कधीतरी भजी खा, पण रोजच्या चारशे कॅलरी प्रश्न ५ मधल्या खाण्यातून येऊ देत.

८. व्यायाम केला तर आणखी सुकणार नाही का?

तासन् तास पळाल तर सुकाल. वजन उचलण्याचे, जोर-बैठकांचे व्यायाम आठवड्यातून दोन-तीनदा करा, भूकही लागते आणि खाल्लेलं स्नायूंत जातं. प्रथिनांची साधारण गरज दर किलो वजनामागे दिवसाला ०.८३ ग्रॅम आहे, व्यायाम करणाऱ्याला थोडी जास्त. मुलींसाठी एक अपवाद: धावणं, फुटबॉल, नाच असा जोराचा सराव चालू असताना पाळी थांबली, तर खाणं सरावाला पुरत नाही असा त्याचा अर्थ. त्याला ‘फिटनेस’ समजू नका.

९. श्रावणी सोमवार, लइराई देवीचं व्रत हे करावं की नाही?

श्रद्धेच्या आड मी येत नाही. एकभुक्त असाल तर त्या एका जेवणात आणि फराळात शेंगदाणे, दूध, राजगिरा, केळी असू द्या. नुसत्या साबुदाण्यावर राहू नका, तो जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे. लइराईच्या व्रताचे धोंड (व्रतस्थ भक्त) बरेच दिवस सात्त्विक, मासळीविना जेवतात, त्या दिवसांत कडधान्यं आणि दूध वाढवायचं, जेवण कमी करायचं नाही. बीएमआय १७ च्या खाली असेल, मधुमेह असेल, गरोदर असाल किंवा नुकताच ताप येऊन गेला असेल, तर निर्जळी किंवा पूर्ण उपास नको. आमच्या घरातल्या थोरल्या बाया अशा वेळी ‘देव भुकेला नाही’ म्हणत आणि समोर केळं ठेवत.

१०. एक्सएस मापसुद्धा मला सैल होतं. हे गंभीर आहे का?

मापाच्या चिठ्ठीवरून आजार ठरत नाही. तयार कपड्यांच्या मापांना आपल्याकडे सगळ्यांनी पाळलेलं एकच प्रमाण नाही. म्हणूनच तर निफ्ट या राष्ट्रीय फॅशन संस्थेने २०१८ मध्ये सहा शहरांतल्या २५ हजार भारतीयांची मापं त्रिमितीय यंत्राने घेण्याचा प्रकल्प जाहीर केला. एका कंपनीचं एक्सएस छातीला ३२ इंच, दुसरीचं ३४. गिऱ्हाइकाला बरं वाटावं म्हणून माप मोठं ठेवून चिठ्ठी लहान लावण्याची चालही आहे, त्यामुळे जुनं एस आणि आजचं एक्सएस एकाच घेराचं निघू शकतं. मावशी म्हणते, टेप खरी, चिठ्ठी खोटी.

काळजी करायची ती वेगळ्या गोष्टीची: गेल्या वर्षी बसणारा तोच कपडा या वर्षी लोंबायला लागला का? लागला असेल तर दुकान बदलू नका, प्रश्न ३ वाचा.

उलट बाजूही असते. लहानात लहान मापात शिरण्याचा अट्टहास. फ्रान्समध्ये २०१७ पासून मॉडेलना काम करण्यासाठी डॉक्टरांचा दाखला लागतो, इस्रायलने त्याआधीच बीएमआयची अट घातली, ते या अट्टहासामुळेच. याबद्दल प्रश्न १६ मध्ये.

११. मग अशा मापाचे कपडे गोव्यात शोधायचे कुठे?

पहिली जागा, मुलांचा विभाग. लाजू नका. तेरा-चौदा वर्षांच्या मापाचे टीशर्ट, जीन्स, कुडते बारीक बाईला बसतात आणि अनेकदा स्वस्तही पडतात. मात्र त्यांत छातीला टक (आकार देणाऱ्या चुण्या) नसतात, खांदे अरुंद आणि कमरेची उंची आखूड असते, म्हणून घालून पाहिल्याशिवाय घेऊ नका. उंच आणि बारीक असाल तर हा मार्ग तुमचा नव्हे.

म्हापशाच्या बाजारात आणि किनाऱ्यालगतच्या दुकानांत निर्यातीतला उरलेला माल येतो. त्याच्या चिठ्ठीवर परदेशी आकडे असतात. साधारणपणे ब्रिटनचं ६, युरोपचं ३४ आणि अमेरिकेचं २ म्हणजे आपल्या एक्सएसच्या जवळपास. त्यात ०, ००ही सापडतं, पण भरवसा टेपवरच ठेवा. पणजीच्या अठरा जून रस्त्यावर किंवा मडगावात तयार कुडता घेताना दुकानदाराला विचारा की फिटिंग करून देता का. बरेचजण शेजारच्याच शिंप्याकडे पाठवतात. ऑनलाइन मागवायचं तर आपल्या एखाद्या बसणाऱ्या कपड्याचा छातीचा, कमरेचा, खांद्याचा घेर इंचांत मोजून ठेवा आणि तयार कपड्याच्या मापाशी ताडून पाहा, मॉडेलच्या फोटोशी नव्हे.

आणि कापड घेऊन सरळ शिवून घेणं अजूनही गोव्यात परवडतं. लहान अंगाला कापडही कमी लागतं, हा एक तरी फायदा!

१२. सैल कपडा अल्टर करून घेतला तर किती मापं कमी होतं?

बाजूच्या शिवणीतून दोन-तीन इंच घेर सहज निघतो. पाठीला दोन उभे टक दिले की आणखी. खांदा आणि मुंढा मात्र अवघड आहे. खांदा हाताच्या बाजूला लोंबत असेल तर बाही काढून पुन्हा लावावी लागते, मजुरी वाढते आणि स्वस्त कुडत्याला ती परवडत नाही. मावशीचा नियम असा: खांद्यात बसतं ते घ्या, बाकी सगळं मी बघते.

कापून टाकू नका, आत माया (शिवणीतलं जादा कापड) ठेवा. वजन वाढवायचं चाललंय ना? मग चार महिन्यांनी तीच शिवण उसवावी लागेल.

१३. ब्राचा ३२ चा पट्टाही सैल होतो, ३० मिळतच नाही. काय करू?

छातीखालचा घेर आधी मोजा. ३२ए चा कप बसतो पण पट्टा वर सरकतो, तर तुमचं माप बहुधा ३०बी आहे. पट्टा एक माप खाली, कप एक अक्षर वर, कपाचं आकारमान तेच राहतं. तसंच आणखी खाली २८सी. दुकानात नसेल तर ऑनलाइन मिळतात. तोवर शिंपिणीकडून पाठीचा पट्टा इंचभर कमी करून घ्या, दहा मिनिटांचं काम आहे. नवीन असताना शेवटच्या, म्हणजे सगळ्यात सैल हुकावर बसणारीच घ्या. इलॅस्टिक ढिलं पडल्यावर आतली हुकं वापरायला राहतात.

१४. मी मुलगा आहे. सगळं बायकांसाठीच लिहिलेलं असतं. मला ३८ चा शर्ट पोत्यासारखा होतो.

तक्रार रास्त आहे. गणवेशाच्या दुकानात ३४ आणि ३६ चे साधे पांढरे-निळे शर्ट मिळतात, मुलाखतीला ते चांगले दिसतात. पँट २८ पासून बहुतेक दुकानांत असते, त्याखाली शिवून घ्यावी. स्लिम फिट घ्या, पण अंगाला चिकटणारं नको. जाड विणीचं कापड, आडव्या ओळीची वीण, आतून बनियन यांनी अंग भरल्यासारखं दिसतं.

जिममध्ये शेजारच्याचे दंड पाहून कोणी इंजेक्शन सुचवलं तर प्रश्न ६ पुन्हा वाचा. मुलगे हे कोणाशी बोलत नाहीत आणि थट्टा मात्र रोज सोसतात. दंड कितीही वाढले तरी आरशात स्वतः काडीच दिसत असाल, त्यापायी कॉलेज-काम चुकत असेल, तर प्रश्न १६ तुमच्यासाठीही आहे.

१५. माझी तेरा वर्षांची मुलगी वर्गात सगळ्यांत बारीक आहे. टॉनिक देऊ?

आधी तिची उंची-वजनाची नोंद बघा. मुलांसाठी वय आणि लिंगाप्रमाणे वाढीचे आलेख असतात, बालरोगतज्ज्ञांकडे भारतीय मुलांचे मिळतात. ती पाचव्या वर्षापासून खालच्या रेषेवर पण त्याच रेषेच्या बाजूने वाढत असेल तर ती तिची चाल. रेषा सोडून खाली घसरली असेल, उंची वाढायची थांबली असेल किंवा पंधराव्या वर्षापर्यंत पाळी आली नसेल, तर तपासणी हवी. वयात येताना मुली एकदम उंच होतात आणि वर्षभर काडीसारख्या दिसतात, तेही असतं.

जंताचं औषध घेतलं का ते विचारा. १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टला राष्ट्रीय जंतनाशक दिनी शाळा-अंगणवाड्यांत अल्बेंडाझोल मोफत देतात, बऱ्याच मुली त्या दिवशी शाळेत नसतात. टॉनिकपेक्षा डबा तपासा: परत येतो का, आणि कोण खातं?

१६. ती बारीक आहे, तरी स्वतःला जाड म्हणते आणि जेवण टाळते. हट्ट आहे का हा?

हट्ट समजून दरडावू नका. वजन वाढण्याची भीती, जेवल्यावर लगेच न्हाणीघरात जाणं, चारचौघांत जेवायला टाळाटाळ, सैल कपड्यांत अंग लपवणं, लहान माप बसलं की तेवढ्यापुरता आनंद, पाळी थांबणं, ही खाण्याच्या आजाराची लक्षणं आहेत. हा जिवावर बेतणारा आजार आहे आणि बरा होणाराही. बांबोळीला मनोविकार व मानवी वर्तन संस्था आहे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो. पहिलं वाक्य वजनावर नको. ‘तू हल्ली दमलेली दिसतेस, मला काळजी वाटते’ एवढं पुरतं.

एक धोका घरच्यांना माहीत नसतो. बरेच दिवस जवळजवळ उपाशी असलेल्या माणसाला एकदम भरपेट, गोडधोड खाऊ घातलं तर रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशिअम झपाट्याने उतरून हृदयावर बेतू शकतं. अशांचं खाणं डॉक्टरांच्या देखरेखीखाली वाढवायचं. इथे प्रश्न ५ चा सल्ला लागू नाही. चक्कर, बेशुद्धी, फार मंद नाडी असेल तर थेट इस्पितळात.

१७. चवथीला सगळे नातेवाईक जमले की सुरू होतात, ‘कितली बारीक जाल्या गो!’ काय उत्तर द्यावं?

माटोळीखाली (गणपतीवरच्या फळाफुलांच्या छताखाली) बसून वैद्यकीय अहवाल द्यायची गरज नाही. थोरल्या मावशी-आत्यांना ‘मग वाढ ना आणखी एक नेवरी (करंजी)’ म्हटलं की त्या खूश आणि विषय संपला. समवयस्कांना सरळ सांगा की हे ऐकायला आवडत नाही. ‘घरचे खायला देत नाहीत का’ हा टोमणा सुनेला असेल तर उत्तर नवऱ्याने द्यावं, तिने नव्हे. आणि आपण स्वतः जाड पुतण्याला पाहून काय बोलतो, तेही आठवून पाहावं.

१८. स्थळ आलंय. ‘इतकी बारीक, मूल होईल ना?’ असं त्यांनी विचारलं. खरंच अडचण येते का?

विचारणाऱ्यांचं तोंड धरता येत नाही, पण तुमच्यासाठी खरं उत्तर असं: पाळी नियमित असेल तर नुसत्या बारीकपणामुळे अडत नाही. वजन फार कमी झालं की स्त्रीबीज सुटणं बंद पडू शकतं. पाळी तीन महिने चुकली तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा, लग्न असो-नसो. दीर्घकाळ पाळी नसल्यास हाडंही कमकुवत होतात. दिवस राहण्याआधी १८.५ च्या वर पोहोचणं चांगलं, आणि लोह, फॉलिक अॅसिड डॉक्टरांना विचारून. गरोदरपणात कमी वजनाच्या बाईने जास्त वाढवायचं असतं. जगभर वापरल्या जाणाऱ्या अमेरिकेतल्या २००९ च्या शिफारशीप्रमाणे एकूण साडेबारा ते अठरा किलो.

१९. वडील सत्तरीचे आहेत, वर्षभरात खूप सुकले. वयामुळेच ना?

वयावर ढकलू नका. आधी तोंड बघा: कवळी सैल झाली की माणूस मासळी, भाकरी सोडतो आणि मऊ भात-कढीवर येतो. मग औषधांची यादी दाखवा, काहींनी भूक जाते. आई गेल्यानंतर एकटे जेवतात का? खुर्चीवरून हाताचा आधार न घेता उठता येत नसेल तर स्नायू झिजलेत. मऊ मासे, अंडं, दही, मुगाचं कढण रोज द्या. आणि प्रश्न ३ मधली रेघ त्यांना सगळ्यांत आधी लागू आहे.

२०. कॉलेजात रक्तदान शिबिर आहे. माझं वजन ४४ किलो. पाणी पिऊन, खिशात मोबाइल ठेवून काट्यावर चढले तर?

नको. आपल्याकडे किमान वजन ४५ किलो आहे आणि हिमोग्लोबिन १२.५. साधी पिशवी ३५० मिलिलिटरची असते. अंगात रक्त वजनाच्या प्रमाणात असतं, ४४ किलोच्या मुलीत ते तीन लिटरच्या आसपास, म्हणजे आठवा-नववा हिस्सा एका बैठकीत जातो. भोवळ येऊन पडणाऱ्यांत हलक्या वजनाचे, पहिल्यांदा देणारे आणि न जेवता आलेले जास्त असतात. या वेळी नोंदणीच्या टेबलावर बसा. ४५ च्या वर जाऊन वजन टिकलं की पुढच्या शिबिरात द्या, आणि त्या दिवशी नाश्ता करून या.